ह्युमिक-सीवीड सोडलं की दर वेळी ड्रिप चोकअप? टॉनिक बदलण्याआधी एवढं तपासा (पॉलिहाऊस ढोबळी)

पॉलिहाऊसमध्ये ढोबळी, काकडी, टोमॅटो करणाऱ्या बऱ्याच जणांचा त्रास एकाच साच्यातला असतो. ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं) किंवा सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) ही टॉनिकं ड्रिपने सोडली की चार-सहा दिवस बरं वाटतं, मग बेडच्या शेवटची झाडं मागं पडायला लागतात, पानं मळकट दिसतात, दुपारी माना टाकतात. मग दुकानात जाऊन सांगायचं की टॉनिकने काम केलं नाही, दुकानदार दुसरं महागातलं देतो, ते सोडलं की पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. मी या चक्रात पूर्ण एक सीझन आणि दुसऱ्याचा अर्धा घालवला म्हणून सविस्तर लिहितोय, जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा.

आमचं जुन्नर तालुक्यात २० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, लाल-पिवळी ढोबळी, विहिरीचं पाणी, १६ एमएमची इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेली नळी), ताशी २ लिटरचे ड्रिपर. सँड फिल्टर, मग व्हेंचुरी (टाकीतलं खत लाइनमध्ये ओढून घेणारं साधन), मग डिस्क फिल्टर अशी मांडणी. दर पंधरा-वीस दिवसांनी ह्युमिक आणि सीवीड आलटून पालटून द्यायचो, कधी मजूर कमी असले की दोन्ही एकदम. पहिल्या वर्षी टेलची, म्हणजे बेडच्या शेवटच्या टोकाची, झाडं बारीक राहिली तेव्हा मी ते मातीवर ढकललं, मग निमॅटोडवर (मुळांना गाठी करणारे सूक्ष्म कृमी), मुळं उपटून बघितली तर गाठी नव्हत्या. तेव्हा पण ड्रिपचा संशय नाही आला कारण बेडच्या तोंडाला पाणी व्यवस्थित पडत होतं आणि आपण उभं राहून बघतो ते तोंडालाच.

खरं कारण सापडलं ते आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या मावशींमुळे. त्या शेवटच्या टोकाला सकर (बगलेतले नको असलेले फुटवे) काढत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हिकडची माती हाताला कोरडीच लागती, रोजच." पाणी सोडून तासभर झाला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू करून एकाच लॅटरलखाली (बेडवरच्या ड्रिपच्या नळीखाली) चार ठिकाणी वाट्या ठेवल्या आणि घड्याळ लावून ३ मिनिटं पाणी धरलं. हिशोब सोपा आहे, ताशी २ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत १०० मिली देतो. तोंडाला ९६ आले, मध्ये ८८, त्याच्या पुढे ६०, आणि शेवटच्या वाटीत ३५. म्हणजे शेवटच्या झाडाला पाणी एक तृतीयांश, खत एक तृतीयांश, आणि ज्या टॉनिकचे मी पैसे मोजत होतो ते पण तेवढंच. त्यावर मी डोस वाढवत होतो. डोस वाढवला की तोंडाच्या झाडांना जास्त जायचं आणि टेलला अजून चोकअप व्हायचं.

मग डिस्क फिल्टर उघडला. चकत्यांच्या मधे तपकिरी काळपट थर होता, बोटाने ओढला की नाचणीच्या आंबिलीसारखा लिबलिबीत, ताणला जाणारा, पाण्याच्या धारेने निघत नव्हता. हे बघणं फार महत्त्वाचं आहे कारण चोकअप म्हणजे एकच रोग नाही. थर पांढरा खरखरीत असेल आणि अ‍ॅसिडचा थेंब टाकल्यावर फसफसत असेल तर तो पाण्यातला चुना, म्हणजे कार्बोनेट. तांबूस गंजासारखा असेल तर लोह. हिरवा बुळबुळीत असेल तर शेवाळ, ते शेततळ्याच्या पाण्यात जास्त. आणि असा तपकिरी जेलीसारखा किंवा काळ्या गाळासारखा असेल तर तो तुमच्या टॉनिकचाच आहे, टाकीत किंवा पाइपात फुटलेला, म्हणजे फाटून गुठळ्या धरलेला.

आता तो का फुटतो. सीवीडची बरीचशी लिक्विड उत्पादनं समुद्री शेवाळ पोटॅशसारख्या अल्कलीत शिजवून काढलेली असतात, अ‍ॅस्कोफायलम नावाचं तपकिरी शेवाळ त्यात सगळ्यात जास्त वापरतात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट असतं आणि अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की त्याची जेली होते. तुम्ही कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत असलं सीवीड ओतलं की जेली तयार झालीच म्हणून समजा, कमी-जास्त एवढाच फरक. ह्युमिकचं थोडं वेगळं. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक पोटॅशियम ह्युमेट, ते अल्कलीत विरघळलेलं असतं, द्रावणाचा पीएच ९-१० च्या पुढे. ह्युमिक अ‍ॅसिड आम्लात विरघळत नाही, खाली बसतं. वर कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तरी ते गोळा होऊन गुठळ्या धरतं. फुल्विक (ह्युमिकच्याच जातीतलं हलकं आम्ल) मात्र आम्लात पण विरघळलेलं राहतं म्हणून फुल्विकवाल्यांना हा त्रास कमी येतो.

कॅल्शियमबरोबर फॉस्फेट-सल्फेट टाकायचं नाही हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ असतं, नवा मजूर पण सांगतो. पण टॉनिकला आपण खतात मोजतच नाही. ते "वरून टाकायचं" असतं, टाकीत जे काही चालू असेल त्यात झाकण भरून ओतायचं. मी नेमकं हेच करत होतो. कॅल्शियम नायट्रेटच्या दिवशी सीवीड, आणि १७:४४:० च्या दिवशी ह्युमिक. १७:४४ म्हणजे युरिया फॉस्फेट, ते इतकं आम्लधर्मी आहे की त्याच्या १ टक्का द्रावणाचा पीएच २ च्या आसपास येतो. त्यात ह्युमिक ओतलं की पाच मिनिटांत तळाला काळा गाळ. टाकी निळी, पाणी काळं, त्यामुळे वरून काही दिसत नाही.

इथे एक चूक सांगतो, ती बरेच जण करत असतील. चोकअप दिसलं की आपण अ‍ॅसिड ट्रीटमेंट करतो. चुन्याला ती बरोबर आहे. पण थर ह्युमिकचा असेल तर अ‍ॅसिडने तो विरघळणार नाहीच, उलट लाइनमध्ये जे थोडंफार विरघळलेलं ह्युमिक शिल्लक असेल ते पण तिथेच बसेल. मी दोनदा अ‍ॅसिड सोडलं आणि दोन्ही वेळा टेलचं पाणी अजून कमी झालं, तेव्हा कळलं नाही का. म्हणून आधी फिल्टर उघडून थर कसला आहे ते बघा, मग ठरवा. आणि क्लोरीन किंवा ब्लीचिंग वापरत असाल तर ते आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र किंवा पाठोपाठ नको, विषारी वायू तयार होतो आणि पॉलिहाऊसचं पंपघर बहुतेक वेळा छोटं बंद असतं. यात जिवाचा धोका आहे.

आपलं मिश्रण टाकीत फुटतं का हे आधी बाटलीत करून बघायचं, ती बाटली टेस्ट कशी करायची ते नीट सांगतो कारण हीच एक गोष्ट केली असती तर माझं दीड वर्ष वाचलं असतं. पाण्याची १ लिटरची पारदर्शक प्लास्टिक बाटली घ्या. पाणी तेच घ्या जे तुम्ही टाकीत घेता, घरचं फिल्टरचं नको. समजा २०० लिटरच्या टाकीत तुम्ही १ लिटर सीवीड टाकता, तर बाटलीत ५ मिली. टाकीत २ किलो कॅल्शियम नायट्रेट असेल तर बाटलीत १० ग्रॅम. प्रमाण टाकीचं धरा, झाडाला पोचतं ते पातळ प्रमाण धरू नका, कारण फुटतं ते टाकीतच. आधी खत विरघळवा, मग टॉनिक, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. अर्ध्या तासाने आणि पुन्हा दोन तासांनी बाटली उचलून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. धागे, ढगासारखे पुंजके, तळाला साय, बाटलीला आतून चिकटलेला थर, यातलं काही दिसलं तर ते मिश्रण ड्रिपमध्ये जाणार नाही. द्रावण फार काळं असेल आणि टॉर्चने कळत नसेल तर पांढऱ्या सुती रुमालातून गाळा, रुमालावर राहिलं ते ड्रिपरमध्ये राहणार. आणि सोबत अजून एक बाटली ठेवा, त्यात फक्त तुमचं पाणी आणि टॉनिक, खत काहीच नाही.

ही दुसरी बाटली विसरू नका. मी पहिल्यांदा दुरुस्ती केली तेव्हा फक्त टाक्या वेगळ्या केल्या, कॅल्शियमची वेगळी, टॉनिकची वेगळी, आणि निवांत झालो. वीस दिवसांत पुन्हा टेल कमी. दुसऱ्या बाटलीत कळलं की नुसत्या आमच्या विहिरीच्या पाण्यात पण ह्युमिक रात्रभरात गुठळी धरतंय. पाणी कठीण, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, वेगळं कॅल्शियम घालायची गरजच नाही. तुमच्या पाणी परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे असतात ते आधी वाचा, बहुतेक जण फक्त पीएच-ईसी (ईसी म्हणजे एकूण क्षारांचं माप) बघून रिपोर्ट फाइलला लावतात.

यावर आमच्याकडे उपाय निघाला तो पावसाच्या पाण्याचा. पॉलिहाऊसच्या गटरचं पाणी शेततळ्यात घेतलं. २० गुंठ्यांच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होतं आणि त्यात क्षार जवळपास नसतातच. सगळं पीक त्यावर निघणार नाही पण टॉनिकच्या टाक्यांपुरतं ते वर्षभर पुरतं. ज्यांच्याकडे शेततळं नाही त्यांनी छपराच्या एका गटरला पाइप लावून दोन-चार मोठ्या टाक्या भरून झाकून ठेवल्या तरी चालेल.

आता सोडायची पद्धत. ज्या दिवशी ह्युमिक किंवा सीवीड, त्या दिवशी त्या पाळीत दुसरं काही नाही. कॅल्शियम नायट्रेट आदल्या दिवशी दिलं असेल तर त्यानंतर लाइन साध्या पाण्याने धुतली गेली होती का हे बघा, कारण लॅटरलमध्ये उभं राहिलेलं कॅल्शियमचं पाणी आणि मागून येणारं सीवीड पाइपातच भेटतात आणि टाक्या वेगळ्या असूनही जेली होते. पाळीचे साधारण तीन भाग करा, पहिला साधं पाणी म्हणजे प्रेशर सगळीकडे सारखं होतं, मधला टॉनिक, शेवटचा पुन्हा साधं पाणी, किमान १५-२० मिनिटं, लॅटरल लांब असतील तर जास्त. हा शेवटचा भाग मजूर हमखास कापतात कारण वीज जायची वेळ झालेली असते, मग टॉनिक रात्रभर नळीत बसून राहतं. वीज कमी असेल तर टॉनिकच सोडू नका त्या दिवशी. पावडरचं ह्युमिक असेल तर आदल्या रात्री बादलीत भिजवून सकाळी कापडातून गाळून मग टाकीत, डायरेक्ट टाकीत कधीच नाही. व्हेंचुरी डिस्क फिल्टरच्या आधी हवी, म्हणजे काही फुटलंच तर निदान फिल्टर अडवेल. आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज असेल तर प्रेशरचा फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की मोटर बंद करून चकत्या काढा.

आधीच बसलेला गाळ काढायला चकत्या बादलीत कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, ह्युमिक आणि अल्जिनेट दोन्ही सोड्यात सुटतात, सकाळी जुन्या टूथब्रशने निघून येतात. हातमोजे घाला. पण हा सोडा ड्रिपने बेडमध्ये सोडू नका, त्यातलं सोडियम मातीत जाईल आणि ते निस्तरणं फार अवघड. लॅटरलसाठी एका वेळी दोन-तीनच एंड कॅप (नळीच्या टोकाची झाकणं) उघडा म्हणजे धार जोरात राहते, सगळ्या एकदम उघडल्या तर पाणी नुसतं वाहतं, गाळ हलत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत उघडं ठेवा. आम्ही कॅप उघडल्यावर पहिली मिनिटभर धार चहासारखी येत होती, मधेच काळे तुकडे. मग पुन्हा वाट्या लावून मोजा. एवढं करून जे लॅटरल ७० मिलीच्या खाली राहिले ते आम्ही पीक निघाल्यावर बदलले, त्यात कसरत करत बसलो नाही. पीक नसताना हायड्रोजन पेरॉक्साइडची ट्रीटमेंट करता येते, ते सेंद्रिय थरावर चालतं, पण लेबलप्रमाणे आणि जाणकार माणूस सोबत असताना.

समजा ड्रिप स्वच्छ आहे, वाट्या सारख्या भरतायत, तरी टॉनिकचा रिझल्ट दिसत नाही. इथे आपण स्वतःला फसवतो, कारण सगळ्याच बेडना सोडलेलं असतं मग तुलना कशाशी करणार. पुढच्या वेळी टॉनिक चालू असताना तेवढं मधले दोन बेड कॉक बंद करून सोडून द्या, त्यांना तेच पाणी तेच खत पण टॉनिक नाही, आणि सहा-सात तोडे त्यांचे क्रेट वेगळे वजन करा. कडेचे बेड घेऊ नका, तिथे वारं-ऊन वेगळं असतं. आम्ही ह्युमिकचं असं केलं तर शेणखत भरपूर पडलेल्या बेडमध्ये फरक कळण्याइतका नव्हता, आणि ज्या भागात लाल माती नवीन भरली होती तिथे मुळं आणि वाढ दोन्हीत दिसत होता. त्यामुळे आता ह्युमिक फक्त त्याच भागात देतो. तुमच्याकडे उलटं पण निघू शकेल, पण निघेल ते तुमचं असेल.

आणि मार्च-एप्रिलची फूलगळ. या दिवसांत सीवीड आणि अमिनोच्या टॉनिकची भरपूर विक्री होते. ढोबळीचं सेटिंग (फळ धरणं) रात्रीचं तापमान १६ ते २० अंशांच्या आसपास असलं की चांगलं होतं, दिवसा ३२-३५ च्या वर गेलं की परागच नीट तयार होत नाही. हे तापमान बाटलीने खाली येत नाही. पडदे वेळेवर उघडा, शेडनेट ओढा, फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे नोझल) दुपारी थोडे थोडे चालवा, नत्र कमी करा, फुलात फुलकिडे बघा. एवढं करून टॉनिक दिलं तर ताण सोसायला मदत होत असेल, मी देतो पण, पण त्याच्या भरवशावर राहत नाही.

फवारणीतला एक प्रकार वेगळा सांगायला हवा. अमिनो अ‍ॅसिडबरोबर कॉपरचं बुरशीनाशक मिसळू नका. अमिनो कॉपरला धरून पानाच्या आत नेतं आणि कोवळी पानं करपतात, फळावर खरबरीत डाग येतात. गंधक आणि तेलाच्या उत्पादनांबरोबर पण तेच. दोघांत आठवडाभर अंतर ठेवा. पॉलिहाऊसमध्ये दुपारी फवारणी नको, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

आता बाटली विकत घेताना. २३ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने बायोस्टिम्युलंट, म्हणजे अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात आणली, त्याआधी यावर खास असा कायदाच नव्हता. त्यात सीवीडसह वनस्पती अर्क, प्रोटीन हायड्रोलायसेट (तोडून बारीक केलेली प्रथिनं) आणि अमिनो, ह्युमिक-फुल्विक, जीवनसत्त्वं असे प्रकार ठरवलेत, आणि कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर नको असं बंधन आहे. तात्पुरत्या नोंदणीवर विक्रीची मुदत १६ जून २०२५ ला संपली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की आधी ३०,००० च्या आसपास उत्पादनं बाजारात होती, ती कडक तपासणीनंतर ६५० च्या घरात आलीत. म्हणजे दुकानात आधी मिळणारं टॉनिक आज कायदेशीर असेलच असं नाही. लेबलवर घटक, प्रमाण, पीक, बॅच नंबर, एक्स्पायरी बघा आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या.

हे मी कागदासाठी सांगत नाहीये. मागे एकाकडून आणलेलं बिनलेबलचं "स्पेशल टॉनिक" फवारलं तर दोन दिवसांत झाडं हिरवीगार आणि फुलकिडे पण गायब. मी खूश झालो होतो. नंतर डोकं चाललं की शेवाळाच्या अर्काने फुलकिडे मरत नाहीत. त्यात कीटकनाशक होतं, कुठलं ते माहीत नाही, म्हणजे तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते पण माहीत नाही, आणि आपण ढोबळी आठवड्याला दोनदा तोडतो. तो सगळा तोडा मी बाजारात नेला नाही, खड्ड्यात टाकला, वाईट वाटलं पण घरच्यांच्या ताटात जे घालणार नाही ते दुसऱ्याच्या कसं घालायचं. तसंच टॉनिकनंतर पेरं एकदम आखूड आणि पानं जाड गडद झाली, किंवा शेंडा फिकट पडून लांबच लांब गेला, तर त्यात वाढ रोखणारं किंवा वाढवणारं संप्रेरक असण्याची शंका घ्या. बाटली फेकू नका, तालुक्याच्या कृषी कार्यालयात गुणनियंत्रण निरीक्षकाकडे बिलासकट घेऊन जा.

शेवटी, बाटली टेस्ट स्वच्छ, फिल्टर स्वच्छ, तरी टेलच्या वाट्या कमीच भरतायत असं असेल तर टॉनिकचा पिच्छा सोडा आणि प्रेशर बघा. शेवटच्या लॅटरलच्या टोकाला गेज लावून बघा, सबमेनला (लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या पाइपाला) गळती आहे का, बेडच्या तोंडाला नळी मुडपली आहे का, एका कॉकवर जास्त बेड जोडलेत का. आमच्या चुलत भावाकडे हेच निघालं, त्याने मागून वाढवलेले चार बेड जुन्याच कॉकवर घेतले होते. ते वेगळ्या कॉकवर घेतले त्या दिवशी शेवटची वाटी ५५ वरून ९२ वर गेली.